परदेशी बिऱ्हाड आणि चरित्रकार : डॉ. कोटणीस यांच्या चीनमधील वास्तव्याच्या चित्रणाविषयी

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांच्याविषयी आजवर जे लिहिले गेले त्याचे सूत्र ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९४४ साली आपल्या पुस्तकाच्या नावातच बांधून ठेवले. ‘अँड वन डिड नॉट कम बॅक’ हे ते नाव. पाच डॉक्टर गेले, त्यांतील एक परतला नाही. व्याकरणाच्या दृष्टीने पाहिले तर हे वाक्य नकारार्थी आहे, आणि एखाद्या मनुष्याचे चरित्र नकारार्थी क्रियापदाने सांगावयाचे ठरविले की त्याचे काही परिणाम अटळपणे ओढवतात. कथनाचे सारे वजन दोन टोकांवर पडते. एका टोकास मुंबईचा धक्का, दुसऱ्या टोकास चीनमधील थडगे. मधल्या काळात तो मनुष्य कोठे राहिला, काय जेवला, कोणत्या भाषेत बोलला, शेजाऱ्यांना काय म्हणून हाक मारी, हे प्रश्न मग विचारावयाचे राहून जातात. प्रस्तुत लेखात ते विचारावयाचे आहेत. कोटणीसांच्या थोरवीविषयी येथे वाद नाही. ती थोरवी सांगण्याच्या रीतीविषयी आहे.

प्रथम थोडी वस्तुस्थिती नोंदवून ठेवणे सोयीचे. कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूर येथे झाला. मुंबईच्या सेठ गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजातून त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनमधून सेनापती चू ते यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय साह्याची मागणी केली आणि सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष असताना, सप्टेंबर १९३८ मध्ये, पाच डॉक्टरांचे पथक मुंबईहून बोटीने निघाले. अलाहाबादचे अटल हे पथकाचे प्रमुख; नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू व मुखर्जी, आणि सोलापूरचे कोटणीस. १९३९ च्या फेब्रुवारीत पथक येनान येथे पोहोचले. तत्पूर्वीच वडिलांच्या मृत्यूची वार्ता कोटणीसांना वाटेत मिळाली होती. ते परतले नाहीत. पुढे एकेक सहकारी मायदेशी गेला. कोटणीस आघाडीवरच्या डोंगराळ मुलुखात, शान्सी व हपेइ प्रांतांच्या सीमेवर गेले. जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून रुग्णालयाचे संचालक झाले, त्याच वर्षाच्या अखेरीस क्वो छिंग-लान या परिचर्याशास्त्र शिकविणाऱ्या तरुणीशी त्यांनी विवाह केला, १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

म्हणजे एकूण चार वर्षे आणि तीन महिने. युद्धकाळातील चार वर्षे ही थोडी नव्हेत. तेवढ्या काळात एक परका मनुष्य घर मांडतो, संसार करतो, परक्या भाषेत विद्यार्थ्यांना शिकवितो आणि त्याच भाषेत पाठ्यपुस्तक लिहावयास घेतो. ‘परतला नाही’ या दोन शब्दांत यातले काय येते?

अब्बास हे वृत्तपत्रकार होते, आणि त्यांचे पुस्तक वृत्तपत्रकाराच्या निकडीने लिहिलेले आहे. लढा चालू होता, बसू नुकतेच परतले होते, देशात दुष्काळ व दडपशाही होती. वाचकाच्या मनात ज्योत पेटविणे हे त्या पुस्तकाचे प्रयोजन. ते त्याने साधले. त्याच्याकडून घरगुती तपशिलाची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. परंतु याच पुस्तकाच्या आधाराने १९४६ साली व्ही. शांताराम यांनी ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला, आणि चित्रपटाविषयी मात्र थोडे अधिक बोलले पाहिजे. कारण महाराष्ट्रातील बहुसंख्य लोकांच्या मनातले कोटणीस हे चित्रपटातले कोटणीस आहेत. शांताराम स्वतः नायक झाले, जयश्री छिंग-लान झाल्या, अब्बास आणि वसंत साठे यांनी पटकथा लिहिली, वसंत देसाई यांनी संगीत दिले. पडद्यावर चीन दिसतो खरा. पण त्या चीनमधील प्रत्येक मनुष्य हिंदुस्थानी बोलतो. ही चित्रपटाची सर्वमान्य सोय आहे आणि तिला दोष देणे पोरकटपणाचे ठरेल. तथापि या सोयीची किंमत काय पडली ते समीक्षकाने मोजावयास हवे. परदेशात स्थिरावण्याची जी सर्वांत मोठी, सर्वांत संथ आणि सर्वांत दैनंदिन कसोटी, ती भाषेची. ती एकदा पुसून टाकली की नायकाला परदेशात ‘रुळावे’ लागतच नाही. तो पहिल्या दृश्यापासूनच रुळलेला असतो. मग कथेला दुसरा संघर्ष शोधावा लागतो. चित्रपटाने साथीच्या रोगाचे प्रकरण आणि शत्रूच्या हाती सापडण्याचे प्रकरण मध्यभागी आणले, ते माझ्या मते याच गरजेतून. जेथे खरा प्रयास होता तेथे पोकळी झाली, आणि ती पोकळी साहसाने भरली.

आणखी एक बारीकशी गोष्ट. चित्रपटाच्या नावात ‘कोटणीस’ यांचा ‘कोटनीस’ झाला आहे. मराठीतील मूर्धन्य ण हिंदीच्या वाटेने जाताना न झाला. हा दोष कोणाचाही नाही, उच्चारपद्धतीचा आहे. पण सोलापूरचे कोटणीस चीनला पोहोचण्यापूर्वीच, मुंबईच्या स्टुडिओतच, एक अक्षर बदलून बसले होते हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. परकेपणाचा आरंभ नावापासून होतो.

नावाचाच विचार अधिक करू. ‘कोटणीस’ हे पद-नाम आहे. फडणीस, चिटणीस, पोतनीस यांच्या पंगतीतले. ‘नीस’ हा फार्सी ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा. कोटाचा, म्हणजे किल्ल्याचा, लेखक तो कोटणीस. चिनी भाषेत हे नाव आले तेव्हा त्याची वाटणी कशी झाली पाहा. चिनी अक्षर हे एकस्वरी असते आणि त्याच्या अखेरीस न किंवा अनुनासिक यांखेरीज व्यंजन उत्तरेकडील बोलीत सहसा येत नाही. त्यामुळे ‘कोट’ मधला ट् आणि ‘नीस’ मधला स् यांना तेथे उभे राहण्यास जागा नाही. चिनी लोकांनी नावाचा पहिला भाग घेतला, त्याची दोन अक्षरे केली आणि तिसरे अक्षर आपल्याकडून जोडले. लिहिणाऱ्याचा निर्देश करणारा ‘नीस’ गळून गेला, आणि त्याच्या जागी ‘ह्वा’, म्हणजे चीन, हे अक्षर आले. पथकातील पाचही डॉक्टरांच्या नावांना हेच अक्षर जोडलेले आहे. मधले अक्षर एका झुडपाचे नाव असून जुन्या चिनी काव्यपरंपरेत ते बंधुभावाचे प्रतीक मानले जाते. गंमत अशी की ज्याच्या नावातून ‘लेखक’ गळाला, तोच पुढे चिनी भाषेत पुस्तक लिहावयास बसला.

या नावाचा मराठी लेखनात जो अवतार होतो तो मात्र शोचनीय आहे. आपण ते इंग्रजीवरून उचलतो आणि ‘के दिहुआ’ असे काहीतरी छापतो. १९५८ साली चीनने स्वीकारलेल्या रोमन लेखनपद्धतीत के हे अक्षर महाप्राण ख साठी योजिले आहे आणि डी हे अक्षर अल्पप्राण, अघोष त साठी. म्हणजे ते नाव उच्चारात जवळजवळ ‘ख ती-ह्वा’ असे आहे. इंग्रजांच्या कानाला अल्पप्राण-महाप्राण हा भेद अर्थभेदक म्हणून ऐकू येत नाही. आपल्या कानाला तो जन्मतःच ऐकू येतो. पाणिनीच्या काळापासून ज्या भाषाकुळाने हा भेद नोंदवून ठेवला त्याच कुळातील आपण, चिनी नावे इंग्रजीच्या चष्म्यातून वाचतो आणि नेमका तोच भेद गमावतो! ‘बीजिंग’ हे देवनागरीत ‘पेइचिंग’ असे लिहिले तर मूळ उच्चाराच्या कितीतरी जवळ जाते. जुन्या पिढीतील मराठी वृत्तपत्रे ‘माओ त्से-तुंग’ आणि ‘चौ एन-लाय’ लिहीत असत. ते लेखन जुन्या रोमन पद्धतीवरून आलेले होते आणि आजच्या ‘झेडाँग’, ‘झोउ’ यांपेक्षा अधिक शुद्ध होते. नवे ते अधिक शास्त्रीयच असते असे नाही.

आता मूळ मुद्द्याकडे. कोटणीस चिनी भाषा शिकले, ती बोलू लागले आणि काही प्रमाणात लिहूही लागले, ही गोष्ट सर्व चरित्रकार सांगतात. पण ती कशी सांगतात? एका वाक्यात, कौतुकाच्या स्वरात, आणि लगेच पुढे जातात. ‘थोड्याच अवधीत त्यांनी भाषा आत्मसात केली’ या धर्तीचे ते वाक्य आपल्या चरित्रवाङ्मयात इतके सरावाचे झाले आहे की त्यामागे श्रम असतात हे वाचक विसरून जातो. वस्तुतः मराठी मनुष्याला चिनी भाषेच्या काही दारांतून सहज आत जाता येते आणि काही दारांवर डोके आपटावे लागते. ती दारे कोणती, हे सांगता येण्यासारखे आहे.

सोपे काय? वर सांगितलेला प-फ, त-थ, क-ख हा भेद. दुसरे म्हणजे तालव्य आणि दंत्य च यांतील भेद. ‘चूल’, ‘चाक’ यांतला च आणि ‘चीन’, ‘चिंच’ यांतला च निराळे, हे मराठी मुलाला कोणी शिकवीत नाही. हिंदी भाषकाला हा भेद नवा असतो. चिनी भाषेत तो पावलोपावली येतो. आपल्या ‘चूल’मधल्या च ने तेथे कित्येक शब्द आरंभ पावतात. मात्र त्याच दंत्य च चे महाप्राण रूप चिनीत आहे आणि मराठीत नाही, कारण आपला छ सर्वत्र तालव्यच आहे. येथे मराठी जीभ अडखळणार. सोलापूर हे तर बहुभाषी गाव. गिरण्यांच्या आणि हातमागांच्या त्या शहरात मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी उर्दू या चारही भाषा एका पेठेत ऐकू येतात. अशा गावात वाढलेल्या मुलाला परकी भाषा ही संकट वाटत नाही, हवामान वाटते. कोटणीसांच्या भाषाग्रहणाची पूर्वतयारी येनानमध्ये शोधण्याऐवजी सोलापूरच्या पेठांत शोधली तर चरित्रकाराच्या हाती अधिक लागेल, असे मला वाटते. हे अनुमान आहे. पण चरित्रात अनुमानास स्थान असतेच.

अवघड काय? अर्थातच सूर. उत्तर चीनच्या प्रमाण बोलीत चार सूर आहेत आणि ‘मा’ या एकाच अक्षराचे सूर बदलले की आई, ताग, घोडा आणि शिवी देणे असे चार अर्थ होतात. हे उदाहरण प्रत्येक प्राथमिक पुस्तकात असते. पण खरी अडचण त्या उदाहरणात दिसत नाही. मराठीत आपण सुराचा उपयोग वाक्यासाठी करतो. प्रश्न विचारताना वाक्याच्या शेवटी स्वर चढवितो, धीर देताना उतरवितो. ही सवय शब्दांहूनही खोल रुजलेली असते. मराठी डॉक्टर जखमी सैनिकाला ‘येथे दुखते?’ असे चिनीत विचारील तेव्हा नकळत शेवटच्या अक्षराचा सूर चढवील, आणि ते अक्षर दुसरेच होऊन बसेल. डॉक्टराचे सारे संभाषण प्रश्नांचे असते. तेव्हा परक्या देशातील डॉक्टराला आपल्या आवाजातील सहानुभूतीच प्रथम आवरावी लागते, ही केवढी विलक्षण स्थिती! चरित्रकारांना येथे एक संपूर्ण प्रकरण सापडले असते.

त्यातच ज्या बोली कानावर पडत त्या एकसारख्या नव्हत्या. चू ते हे सिच्वानचे, माओ हूनानचे, शिपाई नाना प्रांतांचे, आणि गावकरी शान्सी-हपेइच्या डोंगरांतील. प्रमाण भाषा पुस्तकात. कानात मात्र गोंधळ. नाशिकच्या मनुष्याने मराठी शिकावयास निघालेल्या परदेशी पाहुण्याला एका आठवड्यात मालवण, चंदगड, सटाणे आणि वर्धा येथे फिरविले तर त्याची जी गत होईल तीच.

या उलट एक विसाव्याची जागा होती, आणि तिच्याकडे कोणाचेच लक्ष गेलेले दिसत नाही. ती नात्यांच्या शब्दांची. इंग्रजीत काका, मामा, मावसा हे सारे एकाच शब्दात कोंबलेले असतात. चिनी भाषा याबाबतीत आपल्यासारखी आहे, किंबहुना काकणभर अधिक काटेकोर आहे. आत्या ‘कूकू’, मामा ‘च्यूच्यू’. मावशीला निराळा शब्द. आणि वडिलांचा थोरला भाऊ व धाकटा भाऊ यांनाही निराळे शब्द, जो भेद आपण केवळ ‘थोरले काका’ असे विशेषण लावून करतो. शिवाय परक्या वडीलधाऱ्यांना नात्याच्या नावाने हाक मारण्याची रीत दोन्हीकडे आहे. खेड्यातील वृद्ध स्त्रीला तेथे ‘तानियांग’ म्हणजे शब्दशः ‘मोठी आई’ म्हणतात, आणि आठव्या मार्ग सेनेच्या लोकांची गावकऱ्यांशी बोलण्याची ती नित्याची रीत होती. बाजारात भाजीवालीला ‘मावशी’ म्हणत वाढलेल्या मनुष्याला या एका गोष्टीने किती घरच्यासारखे वाटले असेल! मोजणीच्या शब्दांचेही तसेच. चिनीत कोणतीही वस्तू मोजताना संख्येनंतर वर्गवाचक शब्द घालावा लागतो. खाट ‘चांग’ने मोजावयाची, पुस्तक ‘पन’ने. आपण पुस्तके नुसतीच मोजतो, पण माणसे मोजताना ‘तीन जण’, ‘तीन जणी’ म्हणतो. ‘जण’ हा मराठीचा चिमुकला वर्गवाचक शब्दच आहे. रुग्णालयातील खाटा मोजताना त्याचा धागा पकडता येतो.

भाषेवरून अन्नाकडे यावे. चीनच्या त्या भागात मुख्य धान्य ‘श्याओमी’, म्हणजे आपले राळे. त्याची पेज किंवा भात. दुसरे धान्य ‘काओल्यांग’, म्हणजे ज्वारी. रब्बी ज्वारी हे सोलापूरचे जीवन आहे. कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि सोलापूर हे समीकरण महाराष्ट्रात कोणालाही ठाऊक आहे. तेच धान्य उत्तर चीनमध्ये भाकरीच्या रूपाने नव्हे तर पेजेच्या, शिजविलेल्या दाण्यांच्या आणि मद्याच्या रूपाने भेटते. ओळखीचा दाणा अनोळखी पदार्थात भेटणे, हा परदेशवासातील एक मूलभूत अनुभव आहे. संपूर्ण परके जे असते त्याची सवय होते. अर्धे ओळखीचे असते ते अधिक काळ बोचते. ‘त्यांनी चिनी अन्न आनंदाने स्वीकारले’ असे चरित्रकार लिहितो तेव्हा ते खोटे नसते, पण त्यात ज्वारी नसते.

घराचेही तसेच. येनानची घरे म्हणजे पिवळ्या मातीच्या कड्यात कोरलेल्या, कमानदार दर्शनी भागाच्या गुहा. आम्हा नाशिककरांना कोरलेल्या खोल्या म्हटल्या की पांडवलेणी आठवतात, आणि लेणे हे भिक्षूंसाठी, पावसाळ्यापुरते, अशी कल्पना मनात असते. तेथे लेण्यात संसार असतो, चूल असते, आणि हिवाळ्यात खालून तापविलेला विटांचा ‘खांग’ हा ओटा म्हणजेच शय्या, बैठक आणि जेवणाची जागा. सोलापूरच्या उन्हाळ्यातून आलेल्या मनुष्याने चुलीवर निजावे, ही कल्पना एखाद्या मराठी लेखकाच्या हाती लागली असती तर!

येथे एक आक्षेप येईल. जेथे रोज जखमींच्या रांगा लागत, जेथे सलग बहात्तर तास शस्त्रक्रिया केल्याची हकीकत सांगितली जाते, तेथे ज्वारीची आणि खांगची चौकशी करणे क्षुद्रपणाचे नव्हे काय? माझे उत्तर असे की आपल्याच परंपरेने ते क्षुद्र मानलेले नाही. काशीबाई कानिटकरांनी लिहिलेले आनंदीबाई जोशी यांचे चरित्र पाहा. फिलाडेल्फियाच्या थंडीत नऊवारी लुगडे, अन्न, शेगडी, मिसेस कार्पेंटर यांचे घर, या तपशिलांनीच आनंदीबाईंचे धैर्य वाचकाच्या प्रत्ययास येते. पंडिता रमाबाईंचे अमेरिकेवरील १८८९ सालचे पुस्तक तर लोकस्थितीच्या निरीक्षणावरच उभे आहे. धर्मानंद कोसंबी यांचे ‘निवेदन’ हे पाली विद्येच्या शोधाचे आत्मकथन. पण सिंहलद्वीप आणि ब्रह्मदेश येथील मठांत काय खाल्ले, काय पचले नाही, भाषेवाचून किती दिवस कसे काढले, हे सारे त्यात अकृत्रिमपणे आले आहे आणि त्यामुळेच त्या शोधाचे मोल कळते. म्हणजे मराठीला ही दृष्टी नव्हती असे नाही. कोटणीसांच्या बाबतीत ती हरवली. कारण त्यांचे चरित्र आरंभापासूनच सभेसाठी लिहिले गेले.

चिनी बाजूनेही असाच एक धडा उपलब्ध आहे. ह्युएनत्संग सातव्या शतकात महाराष्ट्रात आला. त्याने वर्णिलेली राजधानी नाशिकच असावी असे फ्लीटसारख्या विद्वानाचे मत होते, आणि नाशिककर ते मत अभिमानाने सांगतात. इतरांनी इतर स्थळे सुचविली आहेत. ह्युएनत्संगाने देश, राजे, विहारांची संख्या, लोकांचा स्वभाव नोंदविला. परंतु तो स्वतः या देशात कसा जगला हे त्याच्या ग्रंथातून फारसे कळत नाही. त्यानंतर थोड्याच वर्षांनी आलेल्या इत्सिंगाचा ग्रंथ उघडावा. दातवण कसे चघळावे, पाण्याची दोन भांडी निराळी का ठेवावी, जेवणानंतर हातपाय कसे धुवावे, उष्टे कशास म्हणतात, स्नान केव्हा करावे, याची प्रकरणेच्या प्रकरणे आहेत. आणि त्याच ग्रंथात, त्याच गांभीर्याने, पाणिनीच्या व्याकरणाचे अध्ययन कसे चाले आणि भर्तृहरीची योग्यता काय, हेही आहे. दातवण आणि व्याकरण या दोहोंना एकाच शिस्तीने पाहणारा हा परदेशी विद्यार्थी नालंदा येथे सुमारे दहा वर्षे राहिला होता. जो राहतो त्याला दातवण दिसते. जो हिंडतो त्याला राजधान्या दिसतात. आपल्याकडे चीनवर जे लिहिले गेले त्यात हिंडणाऱ्यांचा भाग मोठा आहे; मीना प्रभू यांचे ‘चिनी माती’ हे त्यातले चांगले आणि वाचनीय उदाहरण. राहणाऱ्यांनी लिहिलेले मात्र विरळा. १९४७ साली विद्यार्थी म्हणून पेइचिंगला गेलेले आणि १९५४ मध्ये नेहरू-माओ भेटीत दुभाषाचे काम केलेले वसंत परांजपे हे राहणाऱ्यांपैकीच होते. क्रांतीपूर्वीचे आणि क्रांतीनंतरचे पेइचिंग एका मराठी मनुष्याने विद्यार्थ्याच्या खोलीतून पाहिले, ही केवढी संधी होती. त्यांच्याकडे आपण मुत्सद्दी म्हणूनच पाहिले.

पुनः कोटणीसांकडे. अब्बास आणि चित्रपट यांच्यानंतरची साधने अधिक समाधानकारक आहेत. त्यांचे बंधू मंगेश कोटणीस यांनी १९८२ मध्ये इंग्रजीत चरित्र लिहिले. त्यात घरचा मनुष्य घरच्या मनुष्याविषयी बोलतो. सोलापूरचा भाग म्हणूनच जिवंत झाला आहे. मात्र चीनमधील भागात लेखकाला इतरांच्या डोळ्यांवर विसंबावे लागले. बसू यांची रोजनिशी १९८६ मध्ये प्रसिद्ध झाली. रोजनिशीचा धर्मच असा की तिला क्षुल्लक गोष्टी टाळता येत नाहीत, आणि भावी चरित्रकाराला सर्वांत अधिक उपयोग तिचाच होईल. परंतु बसू हे स्वतःच परके होते. एका परक्याने दुसऱ्या परक्यास पाहिले आहे. ज्या व्यक्तीने कोटणीसांना आतून, त्या देशाच्या बाजूने पाहिले ती एकच, क्वो छिंग-लान. बेथ्यून यांच्या समाधीच्या प्रसंगी तिने त्यांना प्रथम पाहिले तेव्हा हा हिंदी डॉक्टर चिनी बोलतो आणि थोडे लिहितोही याचे तिला नवल वाटले होते. लक्षात घ्यावे की तिच्या मनात प्रथम भरला तो त्याचा त्याग नव्हे, त्याची भाषा. तिच्या आठवणी, दुसऱ्याने शब्दबद्ध केलेल्या, २००६ मध्ये इंग्रजीत आल्या. म्हणजे कोटणीसांच्या मृत्यूनंतर चौसष्ट वर्षांनी. तोपर्यंत ती आपल्याकडील बहुतेक लेखनात ‘पत्नी’ या एका शब्दापुरती होती, किंवा चित्रपटातली नायिका होती. भारतात ती अनेकदा आली, सत्कार झाले, आणि २०१२ मध्ये तिचे निधन झाले. पती-पत्नीच्या त्या एक वर्षाच्या संसाराची भाषा चिनी होती. त्या घरात परका होता तो पुरुष. शब्द पुरवीत होती ती स्त्री. मुलाचे नाव ‘इन-ह्वा’, त्यात इन म्हणजे हिंदुस्थान आणि ह्वा म्हणजे चीन. ते सेनापती न्ये रुंग-चन यांनी ठेवले. या नावाचे कौतुक प्रत्येक भाषणात होते. पण तो मुलगा वैद्यकाचे शिक्षण पुरे होण्यापूर्वीच १९६७ मध्ये वारला, आणि दोन देशांच्या मैत्रीचे प्रतीक ठरविलेल्या त्या मुलाच्या आईला प्रतीकाचा काय उपयोग झाला असेल, हा प्रश्न भाषणांत येत नाही.

शेवटची गोष्ट पाठ्यपुस्तकाची, आणि माझ्या मते ती सर्वांत महत्त्वाची आहे. बेथ्यून यांच्या नावाच्या वैद्यकीय विद्यालयात कोटणीस चिनीतून शिकवीत. शस्त्रक्रियेची सामान्य तत्त्वे सांगणारा एक ग्रंथ त्यांनी विद्यार्थ्यांसाठी तयार केला आणि त्याचा पुढचा, विशेष शस्त्रक्रियांचा, भाग लिहीत असतानाच मृत्यू आला. चिनी वैद्यकाची परिभाषा ही उसन्या ध्वनींची नाही, अर्थांची आहे. शल्यशास्त्रास तेथे ‘वाय-ख’ म्हणजे ‘बाहेरची शाखा’ म्हणतात आणि काय-चिकित्सेस ‘नेय-ख’ म्हणजे ‘आतली शाखा’. खेड्यातून आलेल्या, थोडेसेच शिकलेल्या तरुण परिचारकाला हे शब्द ऐकताक्षणी कळतात. ज्याचे सारे वैद्यकीय शिक्षण मुंबईत इंग्रजीतून झाले त्या डॉक्टराने आपली विद्या या आतल्या-बाहेरच्या शब्दांत पुनः रचली. एकोणिसाव्या शतकात ग्रँट मेडिकल कॉलेजात मराठीतून वैद्यक शिकविण्याचा वर्ग होता. तो बंद पडला. पुढे सोलापूरच्या मुलाला शस्त्रक्रिया मातृभाषेत शिकविण्याचा प्रसंग कधी आलाच नाही, आणि परक्या भाषेत ती शिकविण्याचा मात्र आला. चरित्रकार या पुस्तकाचा उल्लेख त्यांच्या कष्टाळूपणाचा दाखला म्हणून करतात. ते त्याहून पुष्कळ अधिक आहे. मनुष्य परक्या देशात केव्हा स्थिरावला, याचा याहून निर्णायक पुरावा भाषाशास्त्राला दुसरा देता येणार नाही. परक्या भाषेत प्रेम करता येते, भाजी घेता येते, घोषणाही देता येते. पण ‘येथे इतक्या खोलीवर छेद द्या’ असे दुसऱ्याच्या हाताला सांगणारे वाक्य त्या भाषेत लिहावयाचे, तर तिच्यावर जिवाची जोखीम टाकावी लागते.

त्या पाठ्यपुस्तकाचे परिभाषेच्या अंगाने परीक्षण करावे, कोटणीसांची घरी आलेली पत्रे, बसूंची रोजनिशी आणि क्वो छिंग-लान यांच्या आठवणी यांची तिथीवार जुळणी करावी, आणि हे काम मराठीत करावे, असे सुचवावेसे वाटते. त्यासाठी चिनी वाचणारा मराठी अभ्यासक हवा. असे अभ्यासक आपल्याकडे निपजत नाहीत असे कोणी म्हणू नये. पुण्यात पु. वि. बापट यांनी १९३७ मध्येच विमुत्तिमग्गाच्या चिनी भाषांतराची पाली विसुद्धिमग्गाशी तुलना प्रसिद्ध केली, आणि वा. वि. गोखले यांनी तिबेटी-चिनी बौद्ध ग्रंथांवर आयुष्य वेचले. दोघांनीही चिनी भाषा वाचली ती शेकडो वर्षांपूर्वीच्या ग्रंथांसाठी. सोलापूरच्या शल्यविशारदाची चिनी पाने अजून ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांचीच आहेत.